दोर सोडण्याआधी

कासमभाई सारंग रोज सकाळी बोटीचा दोर सोडायच्या आधी आम्हा चौघांना एकच प्रश्न विचारायचे, "कुणाच्या मनात काय हाय का?"

विचारून ते गप्प उभे राहायचे. धक्क्यावर उतारू ताटकळलेले असत, पाट्यांतल्या कोंबड्या फडफडत असत, पलीकडच्या बाजाराला निघालेल्या बाया आमच्या नावानं कुरकुरत असत, आणि हा उंच, काटक माणूस हात मागे बांधून आमच्या तोंडांकडे शांतपणे बघत उभा असे. इंजिनावरच्या तुकारामला तेल वेळेवर मिळालं नसेल तर त्यानं ते तेव्हाच सांगायचं. भिवा खलाशाला नामदेव खलाशाचा राग आला असेल तर त्यानं तो तिथंच, नामदेवाच्या समोर काढायचा. कासमभाई दोघांचं ऐकून घ्यायचे, चार शब्द बोलायचे आणि म्हणायचे, "सुटली का गाठ? मग आता दोर सोड."

मनात गाठ ठेवून बोटीचा दोर सोडायचा नाही, हा त्यांचा कायदा होता. तो त्यांनी कुठं लिहून लावला नव्हता. त्यांना तो लिहिताही आला नसता असं नाही. सातवीपर्यंत शिकलेले होते. पण कायदा सांगण्यापेक्षा रोज पाळलेला बरा, असं त्यांचं एकूण वागणं.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी पुण्यातल्या एका कचेरीतली उमेदवारी सोडून मुळशीच्या धरणावर तिकीट कारकून म्हणून लागलो. धरण झालं तेव्हा जुनी गावं पाण्याखाली गेली होती, आणि जी माणसं मागे राहिली ती डोंगराच्या कडेला वर चढून बसली होती. पूर्वी जे चालत शेजारच्या गावाला जात, त्यांच्यामध्ये आता मैलोन् मैल पाणी आलं होतं. त्या लोकांसाठी धरणवाल्यांची एक लाँच चालायची. आईनं मोठ्या अभिमानानं शेजारच्या काकूंना सांगितलं, "आमचा मुलगा मुळशीला लाँचवर लागला." काकूंना 'लाच' ऐकू आलं. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "असं उघड बोलू नये हो."

लाँचला गावकरी बोटच म्हणायचे, आणि बोटीच्या कप्तानाला सारंग. कासमभाईंचे वडील घाटाखालच्या, समुद्राकाठच्या गावचे. तेही सारंगच होते. कासमभाई तरुणपणी घाट चढून वर आले, पौडच्या बाजारात दुकान असलेल्या एका घरचे जावई झाले आणि मावळी बोलायला लागले. कधीतरी रागात किंवा लाडात आले की एखादा कोकणी हेल निघायचा, तेवढंच. राग मात्र मी क्वचितच पाहिला.

पुण्याच्या कचेरीत आमचा अर्धा दिवस गैरहजर माणसाबद्दल बोलण्यात जायचा. ज्याची रजा, त्याची चर्चा. बोटीवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सवयीनं नामदेवाबद्दल काहीतरी बोललो. नामदेव तेव्हा पाणी भरायला गेला होता. कासमभाई सुकाणूच्या चाकाला तेल देत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याला बोलवा मास्तर, मग बोला."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. मी म्हटलं, "तसं विशेष काही नाही."

"विशेष न्हाई तर मग कशाला बोलायचं?"

तिकीट फाडणाऱ्याला तिकडे तिकीटमास्तर म्हणत, म्हणून मी 'मास्तर'. पण त्या दिवशी शाळेत बसवल्यासारखं मलाच वाटलं. पुढं कळलं की हा नियम सगळ्यांनाच होता. धरणावरच्या मोठ्या साहेबांबद्दलसुद्धा त्यांच्या पाठीमागे बोलायची सोय नव्हती. पहिले काही दिवस तर आम्हाला बोलायला विषयच सुचेनात. मग हळूहळू पाऊसपाणी, भाताची जात, कुणाच्या गाईला काय झालं, असले विषय निघू लागले आणि त्यातही मजा असते असं ध्यानात आलं.

तुकारामनं त्यांना एकदा विचारलंच, "भाई, साधं बोलाय बी बंदी का ओ?"

तेव्हा कासमभाईंनी कारण सांगितलं. माझ्या आठवणीत एवढं एकदाच. "आमच्यात सांगितलंय तुकाराम, पाठीमागं एखाद्याची निंदा करायची म्हंजी मेलेल्या भावाचं मास खायचं."

तुकाराम सूस गावचा, गळ्यात तुळशीची माळ. तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "मग ते मला चालायचंच न्हाई. मी माळकरी माणूस."

कासमभाई इतके हसले की त्यांना चाक सोडून खाली बसावं लागलं.

त्यांची नमाज म्हणजे धक्क्याच्या कडेला अंथरलेलं स्वच्छ धुतलेलं पोतं. दुपारची नमाज दोन खेपांच्या मधल्या वेळेत व्हायची, संध्याकाळची बोट पलीकडच्या काठाला मुक्कामी लागल्यावर. वाऱ्यापावसानं खेप लांबली आणि नमाजेची वेळ पाण्यातच टळली, तरी त्यांनी बोट कधी थांबवली नाही. मी एकदा म्हटलं, "कासमभाई, पाच मिनिटं थांबलो तर कोण काय म्हणणार आहे?"

"नमाज माझी हाय मास्तर. वेळ लोकांचा हाय. माझं मी अल्लाशी बघून घीन."

काठाला लागल्यावर राहिलेली नमाज पढत. बाजारकरी बाया डोक्यावरच्या पाट्या उतरवून त्यांच्या पोत्यापासून वळसा घालून जायच्या. एक म्हातारी तर नेहमी जाता जाता ओरडायची, "सारंगबाबा, माझ्या वाटचं बी माग रं!" नमाज संपली की ते तिला गाठून खरोखरच विचारायचे, "काय मागायचं हुतं आई?" म्हातारी बहुतेक वेळा गुडघे मागायची.

'इन्शाअल्ला' हा शब्दही ते जपून वापरत. पौडच्या बाजारात मी तो शब्द बऱ्याच तोंडांतून ऐकला होता, आणि सहसा त्याचा अर्थ 'बघू पुढं कधीतरी' असा असे. कासमभाई मात्र इन्शाअल्ला म्हणाले की गावकरी ते काम झालंच असं धरून चालत. "सारंगबाबा इनशाल्ला म्हनलाय, आता त्या कट्ट्यावर कापडं वाळत घाल," असं एका शेतकऱ्याला मी बायकोला सांगताना ऐकलंय. त्याच्या दारात बोट लागेल असा दगडी कट्टा हवा होता. तो त्या उन्हाळ्यात झाला.

रमजानच्या दिवसांत आमची पंचाईत व्हायची. ते पाण्याचा घोटही न घेता दिवसभर चाकावर उभे, आणि आम्ही त्यांच्यासमोर भाकरी कशी सोडायची? आम्ही इंजिनाच्या खोलीत, तेलाच्या वासात, लपून जेवायला लागलो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आम्हाला पकडलं.

"चोरी केलीया काय रे? रोजा माझा हाय, तुमचा न्हाई. चला वर. वाऱ्याला बसून जेवा."

आणि माझी एकादशी असली की भिवाला बजावून ठेवत, "आज सुकट भाजायची तर वाऱ्याची दिशा बघून भाज. मास्तर उपाशी हाय." वास्तविक माझ्या एकादशीला साबुदाणा, शेंगदाणे, रताळी असं रोजच्यापेक्षा जास्तच जेवण असे. पण मी ते त्यांना सांगितलं नाही.

माणसं त्यांना साधी समजत. ते साधे होते, पण भोळे नव्हते. एका पावसाळ्यात भिवाकडून मागचा दोर नीट बांधायचा राहिला. वाऱ्यानं बोट फिरली, दगडी धक्क्यावर आदळली आणि बाजूची फळी फुटली. धरणावरचे साहेब चौकशीला आले. साहेब म्हणजे कडक इस्त्रीतला माणूस. त्यांनी छत्री मिटायच्या आधीच विचारलं, "कोणाची चूक?"

भिवा मागे उभा होता. त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती. नोकरी गेली असती तर त्या घरात चूल कशी पेटणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी तुकारामनं आणि मी ठरवलंही होतं की वाऱ्यानं दोर तुटला असं सांगायचं. कासमभाईंनी आमचं ऐकून घेतलं होतं आणि 'नाही' एवढंच म्हणाले होते. आम्हाला वाटलं, मग ते चूक स्वतःच्या अंगावर घेणार.

ते साहेबांना म्हणाले, "दोर भिवानं बांधला न्हाई साहेब."

भिवानं डोळे मिटून घेतले.

"ही झाली त्याची एक चूक," कासमभाई पुढं म्हणाले. "माझ्या दोन हायेत. दोर बांधलाय का न्हाई ते बघायचं काम माझं, ते म्या केलं न्हाई. आणि त्याच्या घरी बाळंतपण हुतं, पोराला झोप नव्हती, हे मला ठावं असून म्या त्याला कामाला लावला. एका चुकीला जी सजा द्याल ती त्याला द्या. मला दोनाची द्या."

साहेबांनी आता छत्री मिटली. मग भिवाला ताकीद मिळाली आणि कासमभाईंना आठवडाभर कामावरून उतरवलं. त्या आठवड्यात दुसरा सारंग मिळेना म्हणून बोट बंदच राहिली, आणि कासमभाई घरी न बसता सुताराच्या हाताखाली फुटलेली फळी बदलत बसले. भिवा त्यांच्या पायाशी बसून खिळे द्यायचा. मी विचारलं, "खोटं बोलला असतात तर दोघंही सुटला असतात की."

"आज सुटलो असतो," ते म्हणाले. "पण मग उद्या मी भिवाला 'दोर बांधलास का' म्हणून विचारलं, आणि तो 'व्हय' म्हनला, तर मी त्याच्यावर इस्वास कसा ठिवू? खोटं बोलायला मीच शिकवलेलं असतं की."

त्यानंतर भिवानं बांधलेला दोर सोडवताना आमची नखं निघायची.

हे सगळं मी सांगतोय ते, त्या हिवाळ्यातल्या सकाळी जे घडलं ते नीट कळावं म्हणून.

पौष महिना होता. बोट रात्री पलीकडच्या काठाला मुक्कामी होती आणि आम्ही तिथल्या पत्र्याच्या खोलीत. उजाडल्यावर दार उघडलं तर बाहेर काही नव्हतंच. धुकं तिकडे नेहमी पडायचं, पण असं नाही. धक्क्यावर उभं राहिलं तर बोटीचं पुढचं टोक दिसत नव्हतं. अशा वेळी खेप उशिरा न्यायची हा रिवाज होता. पाणी उतरायला लागलं की बुडालेल्या टेकड्यांचे माथे आणि जुन्या झाडांचे सुकलेले बुंधे वर येत. दिसत असताना त्यांना चुकवणं सोपं, न दिसता नाही.

तेवढ्यात वरच्या वाडीतून माणसं झोळी घेऊन उतरली. झोळीत पारू नावाची पोर होती. पहिलंच बाळंतपण. नवरा मुंबईला गोदीत कामाला. बरोबर सासू आणि सासरा.

"सारंगबाबा, पोर अडलीया," सासरा म्हणाला. "सांजच्यापास्नं. सुईण म्हनती, आता माझ्या हातात न्हाई ऱ्हायलं, धरनावरच्या दवाखान्यात न्ह्या."

पारू ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती कण्हत होती, आणि मधेच तेही थांबत होतं.

कासमभाईंनी एकदा धुक्याकडे बघितलं आणि बोटीवर बसलेल्या उतारूंना म्हणाले, "बाकीच्यांनी उतरा. धुकं गेल्याव तुमाला न्यायला येतो." पौडच्या कचेरीत तारीख असलेला एक जण कटकट करायला लागला, पण झोळीकडे बघून तोही उतरला. पारूला बाकावर निजवलं. सासू तिच्या उशाशी बसली, सासरा पायाशी.

मग कासमभाई आमच्याकडे वळले, हात मागे बांधले आणि रोजच्यासारखंच म्हणाले, "कुणाच्या मनात काय हाय का?"

मला त्यांचा रागच आला. इथं एक बाई मरणाच्या दारात आणि हे आपले रोजचं विचारताहेत!

तुकाराम म्हणाला, "इंजान माझं हाय, मी चाललो." भिवानं नुसती मान हलवली. मीही हलवली. नामदेव खाली बघत उभा होता. तो आमच्यातला सगळ्यात धिप्पाड, भाताचं पोतं एका हातानं उचलणारा.

"भाई," तो म्हणाला, "मला भ्या वाटतंय. माझा बा ह्याच पान्यात गेला. असंच धुकं हुतं."

कासमभाई त्याच्याजवळ गेले.

"बरं केलंस सांगितलंस. उतर."

"आनि माझी जागा?"

"जागा तुझीच हाय. आज फकस्त रिकामी ऱ्हाईल."

नामदेव उतरला. तुकारामच्या ओठावर काहीतरी आलं होतं, पण कासमभाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो इंजिनाच्या खोलीत शिरला. नामदेवाचा बांबू मी घेतला. बोटीच्या तोंडाशी एका बाजूला भिवा, दुसऱ्या बाजूला मी, पुढचं पाणी चाचपत जायचं असं ठरलं. मागे कासमभाई अगदी हळू 'बिस्मिल्ला' म्हणाले आणि बोट धुक्यात शिरली.

मला पुढं काहीच दिसत नव्हतं. बांबू पाण्यात घालावा, काही लागलं तर ओरडावं, बोट थांबावी, मागे घ्यावी, पुन्हा पुढं जावं. पारूची सासू आपल्या गावदेवीचं नाव घेत होती. मधेच ती लाजून थांबली. तसे कासमभाई म्हणाले, "आई, थांबू नका. म्हनत ऱ्हावा." मग ती मोठ्यानं म्हणायला लागली.

असे किती वेळ गेलो कोण जाणे. एकदम भिवाच्या बांबूला झाडाचा बुंधा लागला. मग माझ्याही. मग आणखी एक. आमच्या वाटेवर इतके बुंधे असायला नको होते. कासमभाईंनी घंटी दिली, तुकारामनं इंजिन बंद केलं, आणि सगळीकडे अशी शांतता पसरली की पारूचा श्वास मला टोकावर ऐकू यायला लागला. तो मधेच तुटत होता.

"मास्तर," मागून कासमभाईंचा आवाज आला, "मला दिशा कळंना झालीया."

लपवलं नाही, आवाजही चढवला नाही. सासऱ्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मीही मनातल्या मनात घरी आईकडे जाऊन आलो.

आणि त्या शांततेत, आमच्या डाव्या अंगाला, लांबून आवाज आला. टण. थोडा वेळ गेला. पुन्हा टण.

आमच्या दोन्ही धक्क्यांवर रेल्वेच्या रुळाचा एकेक तुकडा टांगलेला असे. बोट सुटायच्या आधी तो घणानं वाजवायचा, म्हणजे वाड्यांवरचे लोक धावत येत. आम्ही सोडून आलो त्या धक्क्यावरचा तुकडा कोणीतरी वाजवत होतं.

"नामदेव!" भिवा ओरडला.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कासमभाईंनीही नाही. ज्या काठावरून आम्ही निघालो तो काठ आमच्या पाठीमागे असायला हवा होता आणि तो डावीकडे ऐकू येत होता. म्हणजे बोट भलतीकडे वळली होती. कासमभाईंनी बोट मागे घेतली आणि तो आवाज बरोबर पाठीवर येईपर्यंत फिरवली. मग इंजिन थोडा वेळ चालवायचं, बंद करायचं, ऐकायचं. टण. आवाज जरा उजवीकडे सरकला की तोंड पुन्हा नीट करायचं. असं आम्ही नामदेवाला पाठीवर घेऊन निघालो. आवाज बारीक होत गेला, पण तुटला नाही. आणि तो अगदी पुसट झाला तेव्हा पुढून दुसरा आवाज आला. धरणाकडच्या पहारेकऱ्यानं आमचं इंजिन ऐकलं होतं, आणि कधी नाही ते वेळेआधीच तोही आपला रूळ बडवायला लागला होता.

धक्क्याचा पहिला दगड दिसला तेव्हा तो दगड मला माणसासारखा वाटला.

पारूला आत नेलं. आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो. तुकाराम माळेचा एकच मणी फिरवत होता. ऊन वर आलं, धुकं विरायला लागलं, आणि आतून रडण्याचा आवाज आला. लहान, चिडका, ठणठणीत. थोड्या वेळानं नर्स बाहेर येऊन म्हणाली, "मुलगी आहे. आईसुद्धा ठीक आहे. पण अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं."

सासऱ्यानं काढून ठेवलेलं मुंडासं पुन्हा डोक्याला गुंडाळलं. भिवा उगाच हसायला लागला आणि त्याला ते थांबवता येईना. मला एकाएकी प्रचंड भूक लागली. कासमभाई उठून धक्क्यावर गेले, पोतंही न अंथरता ओल्या दगडावर त्यांनी कपाळ टेकलं आणि बराच वेळ तसेच राहिले. परत आले तेव्हा पहारेकऱ्यानं चहा आणला होता. त्यांच्या हातून चहा निम्मा सांडला.

"आता सांगतो," ते म्हणाले, "मला बी लई भ्या वाटत हुतं."

भिवानं हसणं थांबवलं. "मग तवाच का न्हाई सांगितलं, भाई? तुमीच म्हनता, गाठ ठिवून दोर सोडायचा न्हाई."

आम्हाला वाटलं भिवा जास्त बोलला. मग कासमभाईंनी कान धरला, स्वतःचा. "चुकलो बाबा. दोर सोडायच्या आधी सांगाया पायजे हुतं. म्होरल्या वक्ताला सांगीन."

आम्ही सगळेच हसलो. इतके, की नर्सनं बाहेर येऊन दटावलं.

परत निघालो तेव्हा पाणी लख्ख झालं होतं. निम्म्या वाटेवर आलो आणि पुन्हा ऐकू आलं. टण. धुकं गेलं होतं, ऊन पडलं होतं, तरी नामदेव रूळ वाजवतच होता. आम्ही पोचलो की नाही हे त्याला कसं कळणार? थांबलेल्या उतारूंनी नंतर सांगितलं की तो घण दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायलाच तयार नव्हता.

बोट दिसली तसा तो थांबला. नुसता आमची तोंडं बघत राहिला. कासमभाई चाकावरूनच ओरडले, "दोघी सुखरूप हायेत रं! पोरगी झाली!"

नामदेवानं तेव्हा कुठं घण खाली ठेवला. त्याच्या तळहातांची सालटं निघाली होती. कासमभाई खाली उतरले, खांद्यावरचा रुमाल फाडून त्यांनी त्याचे दोन्ही हात बांधले. बांधता बांधता एवढंच म्हणाले, "तुझा आवाज आला."

नंतर एकदा बोटीवर कुणी उतारू बोलून गेला, 'त्या दिवशी नामदेव भिऊन उतरला होता म्हणे.' आम्ही काही बोलायच्या आत कासमभाईंनी चाकावरून सांगितलं, "तो उतरला म्हनून आमी पोचलो." नामदेव तेव्हा दोर गुंडाळत होता. त्यानं वर पाहिलं नाही, पण दोर आधी होता त्यापेक्षा पुष्कळच सुबक गुंडाळला.

पुढं माझी बदली धरणवाल्यांच्याच पुण्यातल्या कचेरीत झाली. तिथं माझ्या हाताखाली माणसं आली. त्यांना रोज सकाळी 'मनात काय आहे का' असं विचारण्याचा प्रयत्न मी केला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हळूहळू एकेक जण बोलू लागला. सगळं जमलं असं नाही, पण त्या कचेरीत माणसं घरी जाताना हलकी होऊन जात, एवढं खरं.

साठच्या दशकात कधीतरी मला कामासाठी मुळशीला जावं लागलं. कासमभाई आता कामावरून उतरले होते आणि चाकावर भिवा होता. मी बोटीत चढलो तर उतारूंच्या बाकावर, भाजीच्या पाट्या आणि गवताच्या भाऱ्यांमध्ये कासमभाई बसलेले. दाढी पांढरी झालेली, अंगात धुतलेला सदरा. पलीकडच्या वाडीत कुणाचं तरी लग्न होतं, आमंत्रण होतं. त्यांनी रीतसर तिकीट काढलं होतं.

"मास्तर!" म्हणून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. घरच्यांची चौकशी केली, आईची तर दोनदा. मी त्यांची केली. म्हणाले, "बरं हाय. नातवंडं हायेत. पायात कळ येती. बाकी अल्लाची मेहेरबानी." भिवा चाकावरून सारखा मागे वळून त्यांच्याकडे बघत होता, काही चुकतंय का म्हणून. कासमभाई एकदाही तिकडे बघत नव्हते. ते पाण्याकडे बघत होते.

बोलता बोलता त्यांचं बोलणं थांबलं. मला वाटलं काही आठवताहेत. पाहिलं तर मान गवताच्या भाऱ्यावर कललेली, तोंड किंचित उघडं. झोप लागली होती. इतकी वर्षं बरोबर काम केलं, पण बोटीवर त्यांचे डोळे मिटलेले मी कधी पाहिले नव्हते. उन्हाची तिरीप त्यांच्या तोंडावर येत होती. शेजारच्या बाईनं आपला पदर थोडा पुढं ओढून ती अडवली.

पलीकडचा काठ आला. भिवानं बोट अशी लावली की धक्का लागल्याचं कळलंही नाही. त्यानं ओठावर बोट ठेवलं आणि माणसं पाट्या उचलून, पायताणं हातात घेऊन, एकेक करून खाली उतरली. गवताचा भारा ज्याचा होता तो शेतकरी खाली काठावर उकिडवा बसून राहिला. मला पुढं जायचं होतं. चढण चढून वरून वळून पाहिलं, तर बोट उन्हात हळू डुलत होती, आणि त्या रिकाम्या बोटीत भाऱ्यावर डोकं टेकून सारंग गाढ झोपले होते.